जॉन चाचा आपला कोण?

नाताळानंतरच्या आठवड्यात आमच्या धर्मग्रामातील तरुणांनी मुलांसाठी ‘बूट पॉलिश’ हा १९५४चा चित्रपट सभागृहात दाखविला. मुले आली होतीच. पण त्यांच्यापेक्षा आजी-आजोबाच अधिक आले. चित्रपट संपला, दिवे लागले आणि पुढच्या रांगेत बसलेले एक निवृत्त गृहस्थ डोळे पुसत माझ्याकडे आले. म्हणाले, “फादर, हा डेव्हिड आपल्यातलाच ना? वसईकडचा की गोव्याकडचा?” मी म्हणालो, “आपल्यातला नव्हे. यहुदी होता. चेऊलकर आडनाव. ठाण्यात जन्मलेला.” गृहस्थ क्षणभर गोंधळले. “यहुदी? मग इतका खरा ख्रिस्ती माणूस कसा उभा केला त्याने?” असे पुटपुटत ते निघून गेले.

त्यांचा प्रश्न माझ्या मनातून जाईना. ज्याला आम्ही पन्नास-साठ वर्षे ‘आपला’ समजत आलो, तो आपला नव्हता. आणि तरीही आपला चेहरा पडद्यावर सन्मानाने नेण्याचे काम त्यानेच केले. विसाव्या शतकाच्या मध्यकाळात अल्पसंख्य समाजातून आलेल्या नटाच्या वाट्याला काय येत असे, त्याला कोणती दारे उघडत आणि कोणती मिटलेली राहत, याचा विचार करताना अमेरिकेतील कृष्णवर्णीय नट सिडनी पॉटिए यांचे नाव हटकून पुढे येते. आपल्या किनाऱ्यावरचा त्यांचा समकालीन शोधायचा तर मला डेव्हिड अब्राहम चेऊलकर हेच नाव सुचते. वाचकहो, या दोन माणसांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर आपल्याला स्वतःविषयीही काही कळण्यासारखे आहे.

चेऊलचा माणूस

चेऊलकर म्हणजे चेऊलचा. अलिबागच्या दक्षिणेस, कुंडलिकेच्या मुखाशी चौल-रेवदंडा ही जुनी बंदरे आहेत. आपल्या वाचकांना ती पोर्तुगीज किल्ल्यामुळे, पडक्या चर्चच्या भिंतींमुळे आणि खाडीपलीकडच्या कोर्लई गावामुळे ठाऊक आहेत. कोर्लईचे ख्रिस्ती बांधव आजही पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात. पण याच किनाऱ्यावर आपल्याही आधीपासून एक छोटा समाज वस्ती करून होता. तो म्हणजे बेने इस्रायल.

त्यांची परंपरागत कथा अशी की, शेकडो वर्षांपूर्वी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांचे वंशज कोकणातील खेड्यांतून पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ज्या गावी राहिले त्या गावाचे नाव त्यांनी आडनाव म्हणून घेतले: रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर, चेऊलकर. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी उभारले. आमच्या नवी मुंबईच्या वेशीवर पनवेलमध्ये १८४९चे बेथ एल सिनेगॉग आहे आणि खाडीपलीकडे ठाण्यात १८७९चे. आपण ज्या भूमीवर इमारती बांधून नवे शहर वसविले, तिच्या अवतीभवती हा समाज पूर्वीपासून नांदत होता.

या समाजाच्या इतिहासात रंगाचा प्रश्नही आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांच्यात ‘गोरे इस्रायल’ आणि ‘काळे इस्रायल’ असा भेद पाळला जात असे. स्थानिक स्त्रियांशी झालेल्या संबंधांतून जन्मलेल्यांचे वंशज ते काळे, अशी समजूत होती. त्यांच्याशी रोटीबेटीचा व्यवहार होत नसे. पुढे बगदादहून आलेले श्रीमंत यहुदी व्यापारी मुंबईत स्थिरावले, तेव्हा त्यांनी सर्वच बेने इस्रायलांना कमी लेखले. १९४८ नंतर इस्रायलला गेलेल्यांच्या वाट्याला तेच आले. १९६२ साली तेथील धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहाआधी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. त्याविरुद्ध त्यांना आंदोलन करावे लागले. अखेर १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ठराव करून ते सर्वार्थाने यहुदीच आहेत असे जाहीर केले. चौलच्या दक्षिणेस मुरुड-जंजिऱ्याचे राज्य तर आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचे होते. त्या मुलखाला जुने लोक ‘हबसाण’ म्हणत. ते राज्य १९४८ पर्यंत टिकले. सांगायचे ते एवढेच की, काळा-गोरा हा प्रश्न अमेरिकेतून आपल्याकडे आलेला नाही. तो आपल्या किनाऱ्यावरही जुनाच आहे.

नाव न बदललेला नट

डेव्हिड यांचा जन्म विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ठाण्यात झाला. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन ते नोकरीच्या शोधात कित्येक वर्षे हिंडले. ती मिळेना, तेव्हा चित्रपटाकडे वळले. कायद्याची पदवी असलेला हा तरुण १९३७ साली मोहन भवनानी यांच्या ‘झँबो’ या जंगलपटात प्रथम पडद्यावर आला. टारझनच्या धर्तीवरील चित्रपटांची तेव्हा जगभर चलती होती. १९४१ साली बॉम्बे टॉकीजच्या ‘नया संसार’ने त्यांना ओळख दिली. त्याची कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची. अब्बास यांच्याशी आणि ‘इप्टा’ या नाट्यसंघाच्या वर्तुळाशी त्यांचा पुढेही संबंध राहिला. अब्बास यांच्याच ‘शहर और सपना’मध्ये ते होते. त्या चित्रपटाला १९६४ साली राष्ट्रीय पुरस्काराचा पहिला मान मिळाला.

हिंदी चित्रपटाच्या जडणघडणीत यहुदी कलावंतांचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने फार मोठा आहे. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली आला. त्याचे लेखक जोसेफ डेव्हिड पेणकर हे बेने इस्रायल होते. मूकपटांच्या काळातील सर्वांत लोकप्रिय नायिका ‘सुलोचना’ म्हणजे पुण्याच्या रूबी मायर्स. ‘प्रमिला’ म्हणजे एस्तेर व्हिक्टोरिया अब्राहम. त्या १९४७ साली पहिल्या ‘मिस इंडिया’ ठरल्या. ‘नादिरा’ म्हणजे फ्लोरेन्स एझिकेल. या स्त्रियांना पडद्यावर येताना हिंदू वा मुसलमान वाटेल असे नाव घ्यावे लागले. डेव्हिड यांनी नाव बदलले नाही. आडनाव तेवढे गळाले. श्रेयनामावलीत एकच शब्द येई: डेव्हिड. हे नाव ऐकून आपल्या आजोबांनी त्यांना ख्रिस्ती मानले, तर त्यात त्यांचा फारसा दोष नाही. दावीद राजाचे नाव आपणही आपल्या मुलांना देतो.

बुटका बांधा, टक्कल, गोल चेहरा आणि स्वच्छ उच्चार, अशा माणसाला नायक करण्याचा विचार त्या काळी कोणी केला नसता. तो केवळ रूपाचा प्रश्न होता, असे मी एकदम म्हणणार नाही. बहुसंख्य प्रेक्षकांना ज्याच्यात आपला मुलगा, आपला जावई दिसेल, तो नायक. ज्याच्यात शेजारचा भला माणूस दिसेल, तो सहनट. डेव्हिड चाळीस वर्षे शेजारचा भला माणूस राहिले. शंभराहून अधिक चित्रपटांत काका, मामा, डॉक्टर, वकील, मालक, मित्र. १९६९ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. चित्रपटसृष्टीच्या समारंभांचे उत्तम सूत्रसंचालक म्हणूनही त्यांचे नाव होते.

जॉन चाचा

‘बूट पॉलिश’चे दिग्दर्शक प्रकाश अरोरा आणि निर्माते राज कपूर. बेलू आणि भोला ही अनाथासारखी वाढणारी भावंडे मुंबईच्या झोपडपट्टीत कमला चाचीच्या हाती सापडतात. चाची त्यांना भीक मागायला लावते आणि दिवसाची कमाई काढून घेते. शेजारी राहतो जॉन चाचा. हा जॉन गावठी दारू विकून पोट भरतो. मुंबई राज्यात १९४९च्या कायद्याने दारूबंदी आली आणि चोरट्या दारूचा धंदा गल्लोगल्ली फोफावला. तेव्हापासून हिंदी चित्रपटात ख्रिस्ती माणूस आणि दारूची बाटली यांची जणू सोयरीकच जुळली. म्हणजे कागदावर जॉन हे तेच ठराविक पात्र होते.

पण डेव्हिड यांनी त्याचे काय केले ते पाहावे. हा जॉन मुलांना सांगतो की भीक मागू नका. हात दिले आहेत ते काम करण्यासाठी. मुलांच्या मिटलेल्या मुठींविषयी त्यांच्याशी जो गाण्यातून संवाद होतो, तो आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. मुले पै-पैसा साठवून पॉलिशची पेटी घेतात. मग पाऊस येतो, बूट पॉलिश करायला कोणी थांबत नाही, उपासमार सुरू होते. आणि ज्याच्या आधाराने ती उभी होती तो जॉन पोलिसांच्या हाती सापडतो. येथे नट आपल्या पात्राची बाजू घेऊन त्याला निर्दोष ठरवीत नाही. जॉन कायदा मोडतो, त्याला शिक्षा होते. तरीही मुलांच्या आयुष्यातला तोच एक बाप आहे. पापी माणसाच्या हातून कृपा वाहू शकते, हे आम्ही धर्मगुरू प्रवचनात सांगतो. डेव्हिड यांनी ते प्रवचनाचा सूर न लावता करून दाखविले.

या चित्रपटाची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. निर्दय कमला चाचीची भूमिका केली ती चाँद बर्क यांनी. त्या पंजाबी ख्रिस्ती घराण्यातल्या होत्या. म्हणजे चांगला ख्रिस्ती साकारला यहुद्याने आणि दुष्ट चाची साकारली ख्रिस्ती स्त्रीने! नटाची जात, धर्म आणि पात्राचा स्वभाव यांचा काही संबंध नसतो, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

१९५५ साली फिल्मफेअरने सहनटासाठी पारितोषिक सुरू केले, त्याचे पहिले मानकरी डेव्हिड ठरले. ‘बूट पॉलिश’ उत्कृष्ट चित्रपट ठरला. बेलू झालेल्या बेबी नाझचा त्याच वर्षी कान महोत्सवात विशेष उल्लेख झाला.

समुद्रापलीकडे

याच काळात अमेरिकेत काय चालले होते? १९४० साली हॅटी मॅक्डॅनियल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला ‘गॉन विथ द विंड’मधील दासीच्या भूमिकेसाठी सहनटीचे ऑस्कर मिळाले. परंतु समारंभाच्या रात्री तिला आपल्या चित्रपटाच्या मंडळींबरोबर न बसविता बाजूच्या वेगळ्या टेबलावर बसविण्यात आले होते. कृष्णवर्णीयांना भूमिका मिळत त्या नोकराच्या, दासीच्या, विदूषकाच्या.

सिडनी पॉटिए यांचा जन्म १९२७ साली मायामीत झाला. आईवडील बहामा बेटांवरचे टोमॅटो पिकवणारे गरीब शेतकरी आणि श्रद्धाळू कॅथलिक. किशोरवयातच ते एकटे न्यूयॉर्कला आले आणि हॉटेलांत भांडी घासू लागले. कृष्णवर्णीयांच्या नाट्यमंडळात पहिल्या खेपेस गेले, तेव्हा नीट वाचता येत नाही आणि उच्चार बेटावरचे आहेत म्हणून त्यांना परत पाठविण्यात आले. त्यांनी रेडिओ ऐकून उच्चार सुधारले, वाचायला शिकले आणि पुन्हा त्याच दारात जाऊन उभे राहिले. १९५० साली ‘नो वे आउट’मध्ये ते डॉक्टर झाले. पुढे ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ (१९५५), ‘द डिफायंट वन्स’ (१९५८), ‘अ रेझिन इन द सन’ (१९६१). नोकराची भूमिका करणार नाही, माझ्या वडिलांना लाज वाटेल असे पात्र रंगविणार नाही, हा त्यांचा नेम होता.

१९६३चा ‘लिलीज ऑफ द फील्ड’ हा त्यांचा चित्रपट आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. होमर स्मिथ नावाचा एक बाप्टिस्ट पंथीय भटका कारागीर ॲरिझोनाच्या वाळवंटात मोटारीसाठी पाणी मागायला थांबतो आणि जर्मन बोलणाऱ्या काही कॅथलिक धर्मभगिनींच्या तावडीत सापडतो. मुख्य भगिनीला खात्री असते की, देवानेच याला आपले प्रार्थनामंदिर बांधायला धाडले आहे. मजुरीचे पैसे नाहीत, विटा नाहीत, भाषा धड कळत नाही. तरी मंदिर उभे राहते. एका पंथाचा माणूस दुसऱ्या पंथाचे मंदिर बांधतो आणि गाडीत बसून निघून जातो. या भूमिकेसाठी १३ एप्रिल १९६४ रोजी पॉटिए यांना उत्कृष्ट नटाचे ऑस्कर मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय नट.

१९६४ हे वर्ष मी मुद्दाम लक्षात ठेवतो. एप्रिलमध्ये पॉटिए यांचा सन्मान. जुलैमध्ये अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा. त्याच वर्षी बेने इस्रायलांना समान मानणारा ठराव. आणि डिसेंबरमध्ये मुंबईच्या युखरिस्तीय परिषदेसाठी पोप सहावे पॉल यांचे आगमन. माणसाला माणूस म्हणून मोजावे, हा विचार त्या वर्षी जगात ठिकठिकाणी दार ठोठावत होता.

मुंबईशी या विषयाचा आणखी एक धागा आहे, तोही आपल्याच लोकांचा. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला आणि पाठोपाठ टेडी वेदरफर्डसारखे वादक आले. स्वतःच्या देशात ज्यांना पुढच्या दाराने प्रवेश नसे, त्यांच्याकडून गोव्याचे कॅथलिक वादक जाझ शिकले. आल्दोनाचे आंतोनियो झेवियर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले. लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९५१च्या ‘अलबेला’त ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर दिसतात. शंकर-जयकिशन यांच्या संगीताची वाद्यरचना वर्षानुवर्षे सेबास्टियन डिसोझा यांनी केली. पडद्यामागे सूर आपले होते, पडद्यावर मात्र आपण बाटलीसह उभे होतो.

चांगुलपणाची किंमत

येथे मला थोडे थांबून एक फरक मांडला पाहिजे. नाहीतर तुलना खोटी ठरेल. पॉटिए यांच्या समाजाने गुलामी भोगली, जमावाकडून झाडाला टांगले जाणे भोगले, कायद्याने लादलेला वेगळेपणा भोगला. गोऱ्या आणि काळ्यांच्या विवाहास बंदी घालणारे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते थेट १२ जून १९६७ रोजी. आणि त्याच वर्षाअखेर पॉटिए यांचा तो प्रसिद्ध चित्रपट आला, ज्यात गोऱ्या घरची मुलगी काळ्या डॉक्टरला आईवडिलांपुढे आणून उभी करते. कोकणच्या भूमीत बेने इस्रायलांचा असा छळ झाला नाही, हे ते स्वतःच अभिमानाने सांगतात. डेव्हिड यांना वेगळ्या टेबलावर कोणी बसविले नाही. आपल्या देशातील दलितांची वेदना पॉटिए यांच्या समाजाच्या वेदनेशी अधिक जुळते, हेही मान्य केले पाहिजे.

तरीही एका गोष्टीत हे दोन नट भेटतात. दोघांनाही चांगलेच असावे लागले. पॉटिए यांचा नायक सुशिक्षित, सोशिक, निष्कलंक. १९६७ साली क्लिफर्ड मेसन या कृष्णवर्णीय नाटककाराने वृत्तपत्रात लेख लिहून विचारले होते की, गोऱ्या अमेरिकेला पॉटिए इतके का आवडतात? त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: हा माणूस रागावत नाही, स्वतःसाठी काही मागत नाही, गोऱ्यांचे प्रश्न सोडवून बाजूला होतो, म्हणून. ही टीका पॉटिए यांना फार लागली. मला ती अर्धी खरी आणि अर्धी कठोर वाटते. पहिल्या दारातून शिरणाऱ्याला वाकूनच शिरावे लागते. मागून येणाऱ्यांना ताठ चालता येते ते त्याच्यामुळे, आणि त्यांना त्याचे वाकणे तेवढे दिसते.

डेव्हिड यांच्या भूमिका आठवून पाहा. ‘अनुपमा’त मोझेस, ‘सत्यकाम’मध्ये रुस्तम, ‘खट्टा मीठा’त पारशी, ‘गोलमाल’मध्ये मामा. यहुदी, पारशी, ख्रिस्ती या सगळ्या लहान समाजांचे ते एकत्रित प्रतिनिधीच झाले होते. हा भला माणूस नायकाला सल्ला देतो, नायिकेचे अश्रू पुसतो, हसवतो आणि शेवटच्या दृश्यात कडेला उभा राहतो. त्याचे स्वतःचे दुःख काय, त्याच्या घरी कोण आहे, तो कशासाठी रागावेल, हे विचारायला कथेला सवड नसते. अल्पसंख्य माणूस चांगला असावा, पण फार जागा अडविणारा नसावा, असा हा न बोललेला करार आहे.

आणि योगायोग पाहा. १९७९ साली बासू चटर्जी यांनी ‘बातों बातों में’ हा वांद्र्याच्या कॅथलिक कुटुंबांचा हसरा चित्रपट काढला. त्यात डेव्हिड यांच्या पात्राचे नाव आहे अंकल टॉम! १८५२च्या त्या प्रसिद्ध अमेरिकन कादंबरीपासून हे नाव प्रथम सहनशील गुलामाचे आणि पुढे गोऱ्यांपुढे लाचार होणाऱ्या काळ्या माणसाचे झाले. कृष्णवर्णीयांत ती शिवी आहे. चित्रपट करणाऱ्यांच्या मनात असे काही असेल असे मला वाटत नाही. वांद्र्यात टॉम नावाचे काका असतातच. पण डेव्हिड आणि पॉटिए यांचा एकत्र विचार करणाऱ्याला हे नाव वाचून क्षणभर थबकायला होते.

आपल्या घरातला पडदा

हिंदी चित्रपटाने ख्रिस्ती माणसाला न्याय दिला नाही, ही आपली तक्रार रास्त आहे. ‘बॉबी’चा जॅक ब्रॅगान्झा असो वा ‘अमर अकबर अँथनी’चा अँथनी, बाटली सुटत नाही. क्वचित ‘अनाडी’तल्या मिसेस डिसा भेटतात, त्यांना जीव दिला तो ललिता पवार यांनी. म्हणजे येथेही आपला चांगला चेहरा दुसऱ्यानेच जपला. परंतु तक्रार करणाऱ्याने स्वतःचे हातही पाहावेत.

यहुद्यांशी आपण कसे वागलो? पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या धर्मन्यायासनाने १५८० साली गार्सिया द ओर्ता या थोर वैद्याच्या अस्थी कबरीतून उकरून जाळल्या. कारण काय, तर तो मनातून यहुदी राहिला. आपले मुंबई बेट एके काळी याच ओर्ताकडे भाडेपट्ट्याने होते. शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेत यहुद्यांसाठी वापरला जाणारा अवमानकारक शब्द पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली काढून टाकला. म्हणजे डेव्हिड जॉन चाचा होऊन आपल्याला सन्मान देत होते, त्या १९५४ साली आपण वेदीवरून त्यांच्या समाजासाठी तोच शब्द उच्चारीत होतो. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने इतर धर्मांविषयीच्या आपल्या जाहीरनाम्यात यहुदी समाजावर सरसकट दोष ठेवणे अमान्य केले. १९८६ साली पोप दुसरे जॉन पॉल रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले आणि त्यांनी यहुद्यांना आपले थोरले भाऊ मानले. सेमिनरीत आम्ही हे दस्तऐवज अभ्यासले, परीक्षेत उत्तरेही लिहिली. पण थोरल्या भावाचे घर पनवेलमध्ये आहे, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. आणि मीही माझ्या लोकांना कधी सांगितले नाही.

आणि रंग? आमच्या धर्मग्रामात वसईचे आहेत, गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे, तसेच अहमदनगर-जालन्याकडून कामासाठी आलेलेही आहेत. प्रभुभोजनाच्या रांगेत सारे एकामागे एक उभे राहतात. पण विवाहाची बोलणी सुरू झाली की मुलगी ‘उजळ’ आहे का, मुलाचे घराणे ‘मूळचे कुठले’, हे प्रश्न येतातच. नाताळच्या नाटकात मरिया कोण होते आणि मेंढपाळ कोण होतात, हे एकदा डोळे उघडे ठेवून पाहावे. वेदीजवळ वाचन कोणाला मिळते आणि खुर्च्या लावण्याचे काम कोणाला, तेही पाहावे. मी ही वाटणी वर्षानुवर्षे पाहत आलो आणि ‘असेच चालते’ म्हणून गप्प बसलो. सहनटाची भूमिका केवळ चित्रपटातच वाटली जात नाही.

डेव्हिड आयुष्याच्या अखेरीस कॅनडात गेले आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी टोरांटोत त्यांचे निधन झाले. त्यांचा समाज १९४८च्या सुमारास भारतात वीसेक हजारांचा होता. पुढे बहुतेक मंडळी इस्रायलला गेली. आता काही हजार उरली आहेत. महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली ती २०१६ साली. पॉटिए मात्र दीर्घायुषी ठरले. बहामाचे राजदूत म्हणून त्यांनी काम केले, २००९ साली अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान स्वीकारला आणि ६ जानेवारी २०२२ रोजी, वयाच्या ९४व्या वर्षी, देह ठेवला.

त्या निवृत्त गृहस्थांना मी पुढच्या रविवारी मिस्सानंतर ही सारी हकीकत थोडक्यात सांगितली. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “फादर, तीस वर्षे मी पनवेलच्या बाजारात जातो. ते मंदिर नेमके कुठे आहे? मला कधी दिसले नाही.” मी त्यांना जागा समजावून सांगितली. पंधरा दिवसांनी ते भेटले तेव्हा म्हणाले, “जाऊन आलो. दार बंद होते. बाहेर थोडा वेळ उभा राहिलो, जॉन चाचासाठी एक ‘आमच्या बापा’ म्हटले. चालते ना, फादर?”

मी म्हणालो, “चालते. पुढच्या वेळी मलाही बरोबर न्या.”